ज्या लढतीवर माझी हरकत होती

शाळेतली नोकरी जत्रेतल्या कुस्तीसारखी जोड लावून देता येत नाही, असे मी त्या वेळी लेखी कळवले होते. आज माझे वय पंच्याहत्तरीच्या पुढे गेले आहे आणि त्या पत्रातले एकही विधान खोटे नव्हते, हे मी अजूनही शपथेवर सांगेन. तरीही सातारच्या मैदानावर त्या दुपारी जे घडले, त्याचा समाधानकारक उलगडा मला आजतागायत झालेला नाही. इतरांना झाला आहे. ज्याला विचारावे तो ठामपणे काहीतरी सांगतो, आणि प्रत्येकाचे सांगणे वेगळे असते. साक्षीदार जितके जास्त तितके सत्य दूर, हा अनुभव मी न्यायालयात कारकून म्हणून रोज घेत होतो. घरच्याच बाबतीत तो येईल असे वाटले नव्हते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पलटणीत त्यांनी अकरा वर्षे बॉक्सिंग केले आणि हवालदार म्हणून ते निवृत्त झाले. त्यांच्या वाट्याची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली होती. कोरेगावजवळच्या एका शाळेत त्यांना व्यायामशिक्षकाची तात्पुरती जागा मिळाली आणि शाळेच्याच आवारात राहायला दोन खोल्या. लग्नानंतरची चौदा वर्षे जावांच्या हाताखाली काढलेली माझी अक्का त्या दोन खोल्यांत पहिल्यांदा स्वतःच्या चुलीपाशी बसली. नोकरी गेली तर खोल्या जाणार होत्या, आणि खोल्या गेल्या तर अक्काला पुन्हा दिरांच्या घरी, ओसरीच्या कोपऱ्यात संसार मांडावा लागणार होता. जे काही पणाला लागले होते ते एवढेच होते, आणि ते पुष्कळ होते.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षे झाली असतील. संस्थेने ती जागा कायम करायचे ठरवले, आणि तिथेच घोटाळ्याला आरंभ झाला. संस्थेचे अध्यक्ष ऊसवाले बागायतदार होते. त्यांचे बरेचसे नातेगोते वाळवा तालुक्यातले. त्यांनी आष्ट्याचा एक चोवीस वर्षांचा तरुण पुढे आणला. तो लहानपणापासून तालमीत वाढलेला, आणि पुढे सांगलीला कॉलेजात असताना बॉक्सिंगकडे वळलेला. दोन वर्षांत त्याच्यासमोर कोणी उभे राहिले नव्हते, असे सांगत. दाजी तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते.

आता वास्तविक अशा वेळी काय करायचे असते? जाहिरात द्यायची, अर्ज मागवायचे, पात्रता तपासायची, मुलाखत घ्यायची. अध्यक्षांनी यातले काहीही केले नाही. गावोगावच्या यात्रांत पैलवानांच्या जोडी लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी सभेत सरळ सांगितले, "दोघंबी ठोसेबाज हायेत. मग भांडायचं कशापायी? सातारला माजी सैनिकांचा मेळावा हाय. तिथं जोड लावू. जो जिंकंल त्येची जागा."

आणि दाजी काय म्हणाले? "चालंल की."

तसा ठराव झाला. इतिवृत्तात लिहिला गेला. त्यावर सह्या झाल्या. तो ठराव मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. व्यायामशिक्षकाने मुलांना व्यायाम शिकवायचा असतो, दुसऱ्या व्यायामशिक्षकाचा जबडा फोडायचा नसतो, ही गोष्ट सात सभासदांपैकी एकालाही सुचली नाही.

मी दाजींना म्हणालो, "तुम्ही तिथेच नाही म्हणायला हवं होतं. नेमणुकीला नियम असतात."

"आवं वकील," दाजी म्हणाले (मी कारकून असूनही ते मला वकील म्हणत, आणि तो मान होता की टोमणा हे मला कधी कळले नाही), "जोड लागल्यावर न्हाई म्हनायचं? मग उद्या त्या पोरांच्या म्होरं कंच्या तोंडानं शिट्टी वाजवू?"

"पण तुम्ही हराल."

"हरंन बी."

या उत्तरावर युक्तिवाद होऊ शकत नाही. म्हणून मी त्यांना न सांगता पत्र लिहिले.

पत्र चार पानी होते. अध्यक्षांना, आणि प्रत शिक्षण खात्याच्या जिल्ह्यातील अधिकाऱ्यांना. ठराव बेकायदेशीर का आहे याची कारणे मी क्रमवार दिली. परंतु नुसत्या कायद्याने अशी माणसे बधत नाहीत, हे जाणून मी वस्तुस्थितीही मांडली. अक्काच्या ट्रंकेत दाजींचे पलटणीतले वैद्यकीय कागद होते. तिच्याकडे जेवायला गेलो असताना मी ते वाचले आणि त्यांचा आधार घेतला: वय एकेचाळीस, जुन्या जखमेमुळे डाव्या डोळ्याची दृष्टी अधू, उजव्या गुडघ्यास दुखापत, थंड प्रदेशातील नोकरीमुळे श्वास लवकर भरतो. अशा माणसाला चोवीस वर्षांच्या तरुणासमोर उभे करणे हा अन्याय आहे, असा माझा निष्कर्ष होता. दाजींच्या हितासाठी याहून भक्कम पत्र कोणी लिहू शकले असते असे मला वाटत नाही.

अध्यक्षांनी ते पत्र चहाच्या वेळी चारचौघांत वाचून दाखवले. आठ दिवसांत ते आष्ट्याला पोहोचले. लढतीला तीन आठवडे उरले असताना दाजींचे कुठले अंग निकामी आहे, हे त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला माझ्या हस्ताक्षरात कळले होते.

अक्काने मला दारातच गाठले. "तुला शिकवला तो ह्याच्यासाठी व्हय रं? माझ्या नवऱ्याचं अंग चार मानसांत उगडं केलंस?"

"अक्का, कायद्याच्या दृष्टीने—"

"कायदा घाल चुलीत. माझ्या ट्रंकंतलं कागद व्हतं ते!"

दाजी आत पायजम्याची नाडी ओवत बसले होते. त्यांनी मला जवळ बसवले आणि पत्राची नक्कल वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते.

"डावा डोळा लिवलंय न्हवं?"

"हो."

"आन् गुडगा?"

"उजवा."

"बरं लिवलंय," ते म्हणाले, आणि नाडी ओढून पायजमा झटकला. त्यांना राग आला होता का, हे मला त्या दिवशी समजले नाही. आजही सांगता येणार नाही.

मेळावा फेब्रुवारीत भरला. मैदानावर फळ्या जोडून रिंगण केले होते. फळ्यांवर उसाचे पाचट, त्यावर ताडपत्री, आणि चारी बाजूंनी कापड गुंडाळलेले दोर. पंच एक निवृत्त सुभेदार होते, उत्तरेकडचे, नोकरी संपल्यावर सातारलाच स्थायिक झालेले. गुण देणारे तिघेही फौजेतले. एवढे सगळे व्यवस्थित होते. परंतु आष्ट्याहून दोन ट्रक भरून माणसे आली होती आणि त्यांनी सोबत हलगी आणली होती. कुस्तीला हलगी वाजते, म्हणून ठोशांनाही वाजणारच, असा त्यांचा हिशेब. राउंड चालू असताना प्रेक्षकांनी शांतता राखावी, असा स्पष्ट नियम आहे. मी तिथल्या तिथे एका चिठ्ठीवर हरकत लिहून संयोजकांकडे दिली. त्यांनी चिठ्ठीवर पानाची पिचकारी पडू नये एवढी काळजी घेऊन ती खिशात टाकली.

पहिला राउंड सुरू झाला आणि मी पाहिले की तो तरुण माझे पत्र पाठ करून आला आहे. तो सतत दाजींच्या डाव्या अंगाला सरकत होता. जिकडून दाजींना दिसत नाही असे मी लिहिले होते, नेमका तिकडेच. दाजी मागे जात होते. एक ठोसा त्यांच्या कपाळावर बसला, एक ओठावर. ओठ फुटला. ते आणखी मागे गेले.

आमच्या भागात माणसे कुस्ती पाहून मोठी होतात. कुस्तीत जो मागे हटतो तो हरतो. रेटा देणारा जिंकतो. माझीही नजर तीच. नियमांचे पुस्तक मी वाचले होते, तरी दाजी मागे जाताना ते हरले असेच मी धरून चाललो होतो.

"पळतंय की रं म्हातारं!" ट्रकवाल्यांतून एकजण ओरडला.

"हवालदार, धावायची शर्यत तिकडं हाय! हितं न्हवं!"

"आरं, दोर नसतं तर कोरेगाव गाठलं आसतं गड्या!"

हलगी जोरात झाली. माझ्या बाजूला एक म्हातारे पेन्शनर सैनिक बसले होते. ते मात्र हसत होते. मला त्यांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या राउंडला हलगी कडाडू लागली, आणि ती कडाडली की तो तरुण झेपावत होता. वाद्य आणि माणूस एका दोरीला बांधल्यासारखे. दाजी दोन पावले मागे जायचे, लोक ओरडायचे, हलगी चढायची, तो आत घुसायचा. आणि घुसला की दाजींचा डावा हात आखूड, आडवा, कोपरातून वळून त्याच्या कानशिलावर यायचा. डावा हात! ज्या बाजूला दाजींना दिसत नव्हते, त्याच बाजूचा. तो तरुण अगदी त्या हाताच्या टप्प्यात चालत येत होता, आणि तिथे त्याला मी पाठवले होते.

असा दुसरा ठोसा बसल्यावर काय झाले असेल? त्याने दाजींच्या कमरेला मिठी घातली. तालमीतली पंधरा वर्षे त्याच्या हातात जागी झाली असावीत. लोकांनी एकच गिल्ला केला. "धरलंय! धरलंय! उचल! हान खाली!" त्यांच्या दृष्टीने लढत आता कुठे सुरू झाली होती. सुभेदारांनी दोघांना सोडवले आणि त्याला ताकीद दिली. आपल्याला ताकीद कशाबद्दल मिळाली हे त्याला कळले, परंतु लोकांना कळले नाही. ते आणखी ओरडू लागले आणि त्याने आणखी एकदा मिठी घातली. पुन्हा ताकीद, आणि या वेळी गुणही गेला.

तिसऱ्या राउंडला तो गोंधळलेला दिसत होता. हात पुढे करायचे की आवळायचे, हे त्याचे त्यालाच ठरवता येत नव्हते. दाजींचा श्वास भरला होता. तोंड उघडे होते. उजवा पाय ते जपून टाकत होते. म्हणजे माझ्या पत्रातली विधाने माझ्या डोळ्यांसमोर एक एक करून सिद्ध होत होती. तरीही तो डावा हात येत राहिला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो तरुण एका गुडघ्यावर बसला. सुभेदारांनी आठापर्यंत आकडे मोजले. तो उठला, परंतु उरलेला वेळ नुसता उभा राहिला.

तिघांपैकी दोघांनी दाजींना जास्त गुण दिले. सुभेदारांनी दाजींचा हात वर केला.

गोंधळ उसळला. "चीत कुठं झालाय? पाठ लागली न्हाई! पुन्ना लावा!" ट्रकवाले रिंगणाकडे सरकले. तेव्हा अध्यक्ष उठले. मला वाटले, आता हे ठराव फिरवणार. ते आपल्याच माणसांकडे वळून म्हणाले, "गप बसा. पंचानं हात वर केला, मिटलं. जोड म्हंजे जोड. जागा हवालदाराची."

ज्या माणसाने एकही नियम पाळला नव्हता, तो स्वतःच पुढे आणलेल्या पोराच्या विरोधात जाऊन दिलेला शब्द पाळत होता. या प्रकाराला काय म्हणावे हे मला कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडलेले नाही.

तो तरुण दाजींच्या पाया पडला. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. एक कान लालभडक झाला होता. "तुमीच लिवलं न्हवं ते? डावा डोळा अधू म्हनून?"

"मीच."

"खोटं लिवलंसा! समदं डावीकडनंच आलं की!"

मी उभ्या आयुष्यात खोटे विधान केलेले नाही. मी त्याला वैद्यकीय कागद दाखवायची तयारी दर्शवली. त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच त्याला मारले होते. आणि तसे पाहिले तर, मीच मारले होते का? हा प्रश्न मला तिथेच, पाचटाच्या त्या धुळीत, पहिल्यांदा पडला. तसे असेल तर दाजींनी काय केले? आणि तसे नसेल, तर अर्धे मैदान मागे हटून माणूस जिंकतो कसा?

मी सुभेदारांना गाठले. ते पट्ट्या गुंडाळत होते. म्हणाले, "लड़का अच्छा है, लेकिन अपने लोगों की बहुत सुनता है. हवलदार किसी की नहीं सुनता." मी त्या हसऱ्या म्हाताऱ्या पेन्शनरांना विचारले, तर ते म्हणाले, "हवालदार पळत न्हवतं. वढत हुतं. म्हस गोठ्याकडं न्यायची तर म्होरं व्हऊन वढावी लागती." दोघेही अनुभवी, दोघेही निःपक्षपाती. एकाच्या मते हलगीने तो हरला. दुसऱ्याच्या मते हलगीची गरजच नव्हती. हलगीवर तर माझी लेखी हरकत होती.

आता कोणालाही वाटेल की प्रकरण संपले. परंतु तीन आठवड्यांनी मला शिक्षण खात्याकडून सुनावणीची नोटीस आली. आयुष्यात मी कितीतरी पत्रे लिहिली. सरकारी कार्यालयाने तत्परतेने दखल घेतलेले हे एकमेव. अधिकारी तरुण होते, अभ्यासू होते. म्हणाले, "तुमचं पत्र उत्तम आहे. ठराव सरळसरळ बेकायदेशीर आहे. मी रद्द करण्याची शिफारस करतो."

"आणि नेमणूक?"

"तीही रद्द होईल. नव्याने जाहिरात निघेल. वयोमर्यादा पस्तीस आहे."

मी ज्या न्यायासाठी लढलो तो न्याय टेबलावर माझ्यासमोर ठेवलेला होता, आणि त्याने अक्काच्या दोन खोल्या जाणार होत्या. मी म्हणालो, "माझी हरकत मी मागे घेतो."

"घ्या. पण कारण लेखी द्यावं लागेल. तुम्हीच लिहिलंय की हा इसम शारीरिकदृष्ट्या असमर्थ आहे. ते खोटं होतं का?"

"मुळीच नाही."

"मग तो असमर्थ आहे?"

"नाही."

"दोन्ही कसं?"

मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि थेट कोरेगावची एस.टी. धरली. दाजी शाळेच्या मैदानावर खो-खोसाठी चुन्याच्या फक्कीने रेघा आखत होते. मी त्यांना सगळे सांगितले आणि म्हणालो, "मला कारण हवं आहे. कागदावर लिहिता येईल असं. तुम्ही का जिंकलात?"

त्यांनी फक्कीचे घमेले खाली ठेवले. "आवं, त्यो हारला म्हनून."

"दाजी, हे उत्तर नाही. डोळा खरंच अधू आहे ना?"

"हाय की. डावीकडचा खांब बी न्हाई दिसत मला."

"मग ठोसा कसा बसला?"

"त्यो तिकडनं येनार ह्ये ठाव हुतं. ज्ये ठाव हाय त्ये बगायला कशाला लागतंय?"

"म्हणजे माझ्या पत्रामुळे?"

दाजींनी रेघेकडे पाहिले. रेघ जरा वाकडी गेली होती. "तुमचं पत्र नसतं तरी म्या डावाच मारला आसता. मला दुसरा येतच न्हाई न्हवं का. पन त्यो हितं आला नसता." मग म्हणाले, "का कुनास ठाव, आला बी आसता."

"आणि हलगी?"

"लय ग्वाड वाजवत हुता त्यो मानूस," दाजी म्हणाले, आणि घमेले उचलून पुढची रेघ आखू लागले.

मी परत आलो. दोन रात्री कच्चा मसुदा करण्यात गेल्या. पत्रामुळे जिंकले असे लिहावे, तर ते निदान माझ्याने सिद्ध होत नव्हते; दाजींनीच एका वाक्यात ते मान्य केले आणि पुढच्या वाक्यात काढून घेतले होते. कौशल्यामुळे जिंकले असे लिहावे, तर मूळ पत्रातला निष्कर्ष चुकला होता. हलगीमुळे असे सरकारी कागदावर लिहिता येत नाही. 'वैयक्तिक कारणास्तव' असे लिहून सुटता आले असते. कार्यालयातल्या सगळ्यांनी तोच सल्ला दिला. परंतु त्या शब्दांत काहीच नसते, आणि मी काहीच नसलेल्या कागदावर सही करत नाही.

शेवटी मी लिहिले: मूळ पत्रातील सर्व विधाने खरी आहेत. त्या विधानांवरून अर्जदाराने काढलेला निष्कर्ष प्रत्यक्षात खरा ठरला नाही. तो का ठरला नाही, हे अर्जदारास सांगता येत नाही. सबब हरकत मागे घेण्यात येत आहे.

अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचले. "हे कारण म्हणून चालणार नाही," ते म्हणाले.

"माझ्याकडे दुसरं नाही."

"तुम्ही कायद्याचे जाणकार. ठराव बेकायदेशीर आहे हे तुम्हाला अजूनही मान्य आहे?"

"शंभर टक्के."

"आणि तो कायम राहावा अशी तुमची इच्छा आहे."

"आहे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली. मला नेमका कोणाचा राग आला होता? अध्यक्षांचा, दाजींचा, या समंजस तरुण अधिकाऱ्यांचा, की त्या चार पानांचा?

त्यांनी पेन उघडले, माझ्या अर्जाच्या समासात काहीतरी लिहिले आणि कागद फाईलमध्ये सरकवला. काय लिहिले ते मला दिसले नाही, आणि पत्राची पोच मागायचे मी, आयुष्यात प्रथमच, विसरलो. दाजी त्या शाळेतूनच पुढे निवृत्त झाले.